तिथीची पाऊणपट

मुंबईत निसर्ग बघायला कुठं जाता, असं विचारलं तर लोक माथेरान सांगतात, कर्जत सांगतात, फार तर बोरिवलीचं नॅशनल पार्क. शीव कोळीवाडा असं उत्तर देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. हार्बर लाइनवर गुरु तेगबहादूर नगरला उतरायचं. जुनी माणसं त्या स्टेशनाला अजून कोळीवाडाच म्हणतात. बाहेर आलं की रिक्षा, टॅक्सी, हातगाड्या, फाळणीनंतर इथं आलेल्या निर्वासितांच्या वस्तीच्या खुणा आणि तळणीचा वास. इथल्या पंजाबी खाणावळींनी कोळंबीला बेसन-ओव्याचं अंगडं चढवलं आणि या गावाचं नाव देशभरच्या हॉटेलांच्या मेन्यूत नेऊन बसवलं. खायला लोक इथं लांबून येतात. निसर्गासाठी कुणी येत नाही.

हे पुस्तक मात्र इथूनच सुरू होतं. शीव कोळीवाड्यापासून अँटॉप हिल, वडाळा, माटुंगा, आणि तिथून खाली दादर, परळ, लालबाग, गिरगावपर्यंत राहणाऱ्या माणसांच्या नोंदींचा हा संग्रह आहे. म्हावरं विकणारी बाई, रात्रपाळीचा वॉर्डबॉय, निवृत्त मास्तर, दहावीतली मुलगी, अशी ही मंडळी. प्रत्येकानं एवढंच लिहायचं किंवा सांगायचं होतं: रोजच्या धबडग्यात निसर्गातलं काहीतरी दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं, आणि मनावरचं ओझं थोडा वेळ उतरलं, तो प्रसंग. सहलीतले प्रसंग संपादकांनी आग्रहानं वगळले. मला हा निर्णय फार आवडला. पन्हाळ्यावरच्या धुक्यानं कुणालाही बरं वाटेल. प्रश्न आहे तो मंगळवारी सकाळी साडेआठला, बसच्या रांगेत, काय होतं याचा.

नवख्या वाचकाला हा विषय अलीकडचा, परदेशी मानसशास्त्रातून आलेला वाटण्याची शक्यता आहे. तसा तो नाही. निसर्गाचा मनाशी काय संबंध, हा प्रश्न आपल्याकडे आधी काव्यशास्त्रात विचारला गेला. रसाची चर्चा करणाऱ्यांनी चांदणं, मेघ, वसंत, कोकिळ यांना ‘उद्दीपन विभाव’ असं स्थान दिलं. म्हणजे भाव मनात आधीच असतो आणि बाहेरचं ऋतुमान त्याला फुंकर घालतं. या मताला एक तिरकस धार आहे, ती विसरू नये. फुंकर विस्तवाला घातली तर भडका उडणार. मेघदूतातला यक्ष आषाढातला ढग पाहून आनंदत नाही, त्याचा विरह वाढतो. कालिदास तर म्हणतो की सुखी माणसाचंही चित्त ढग बघून थाऱ्यावर राहत नाही. ज्या रामगिरीवर हे घडतं तो आपल्या नागपूरजवळचा रामटेक, असं मानण्याची परंपरा आहे. तेव्हा निसर्ग बघितला की माणूस खुश होतो, हे आजच्या भिंतीवरच्या सुविचारांचं सरळसोट समीकरण आपल्या पूर्वजांना मंजूर नव्हतं. या संग्रहातल्या पावसाच्या काही नोंदी वाचताना मला यक्षच आठवला.

दुसरी वाट संतांची. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत. झाडं, पाखरं त्यांना सोयऱ्यांसारखी वाटत. इथं निसर्ग भाव पेटवणारा नाही, तो सोबत करणारा आहे. मराठी माणसाच्या मनात हीच वाट खोल रुजली आहे. पण तिला डोंगर लागतो आणि रिकामा वेळ लागतो. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत, पाळीपाळीनं झोपणाऱ्या गिरणी कामगाराकडे दोन्ही नव्हतं. त्यानं काय केलं? डालड्याचा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावली आणि तो गॅलरीच्या कठड्याला तारेनं बांधला.

त्या डब्याकडे मी गमतीनं बघत नाही. मराठी लोकजीवनानं निसर्गाचे छोटे क्षण नशिबावर सोडले नाहीत, ते पंचांगात बसवले. कोजागरीला गच्चीवर जाऊन चंद्र बघायचा, तोही आटीव दूध पिताना, म्हणजे कंटाळा यायचं कारण नाही. मंगळागौरीला पत्री गोळा करायची; त्या निमित्तानं आघाडा कोणता आणि दूर्वा कुठं उगवतात हे कळायचं. पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला तोंडात धरायचा. आणि भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, ही समजूत. लालसर तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा हा पक्षी झुडपांतून चोरासारखा फिरतो, त्यामुळं तो दिसायला मुळात मान वळवून बघावं लागतं. दिवस त्या पक्ष्यामुळं चांगला जातो की मान वळवण्यामुळं, याचा निवाडा मी करत नाही. पण ज्या कुणी ही समजूत पसरवली, त्याला माणसाचं मन कळत होतं.

कोळ्यांची गोष्ट या सगळ्याहून वेगळी आहे, आणि या पुस्तकाचा कणा तीच आहे. दर्या हे कोळ्याच्या दृष्टीनं दृश्य नव्हे. तो अन्नदाता आहे आणि जीव घेणाराही आहे. नारळी पौर्णिमेला त्याला नारळ देतात तो कौतुकानं नव्हे, शांत हो म्हणून. शीव हे एकेकाळी मुंबई बेटाचं टोक होतं. पलीकडे साष्टी, मधे खाडी, चिखल आणि तिवरं. 1669 ते 1677 या काळात इंग्रजांनी इथल्या टेकडीवर किल्ला बांधला तो याच हद्दीवर नजर ठेवायला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गव्हर्नर डंकनच्या काळात शीवचा बांध-रस्ता झाला, मग भराव पडत गेले, रेल्वे आली, रस्ते आले. आज शीव कोळीवाड्यात उभं राहून पाणी दिसत नाही. नाव कोळीवाड्याचं आणि समुद्र नजरेआड, अशी ही वस्ती आहे.

तरीही इथल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ विचारा. घड्याळाकडे न बघता, मोबाइल न काढता सांगतील. हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पुनवेला किंवा अवसेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. रोज भरती पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते, त्यातून आलेलं हे गणित आहे. पुनव-अवसेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याला जोर कमी. या संग्रहातल्या एका आजींची नोंद आहे. त्या आता जाळ्याला हात लावत नाहीत, बाजारातही बसत नाहीत, गुडघे गेले. पण दुपारी पडल्या पडल्या त्या तिथी आठवतात, पाऊणपट करतात आणि ‘आता खाडीत पानी चढला आसंल’ असं मनाशी म्हणतात. बस, एवढंच. त्यानं बरं वाटतं, असं त्या सांगतात. का, ते त्यांनी सांगितलेलं नाही आणि विचारणाऱ्यानंही ताणून विचारलेलं नाही.

मला ही नोंद या विषयावरच्या कित्येक जाड पुस्तकांपेक्षा जास्त शिकवून गेली. निसर्गाचा क्षण डोळ्यांसमोरच घडावा लागतो असं नाही. आपल्यापेक्षा मोठं काहीतरी आपल्याशिवाय, वेळेवर, चालू आहे, ही खात्रीसुद्धा माणसाला पुरते.

मुंबईत निसर्ग बारकाईनं बघण्याची शिस्त आली ती एकोणिसाव्या शतकात. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांतले दोघे मराठी होते आणि दोघेही डॉक्टर: प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. संस्थापकांपैकीच एक एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, ‘एहा’ या टोपणनावानं लिहिणारा. साताऱ्यात जन्मलेला हा साहेब जकात आणि मीठ खात्यात नोकरीला होता. मीठ खात्याच्या माणसाला मिठागरं, खाड्या, चिखल आणि बगळे चुकत नाहीत. त्याचं मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक 1900 साली आलं. त्यात कावळा आहे, घार आहे, चिमणी आहे. दुर्मिळाच्या मागे न धावता खिडकीतून दिसतं त्याची मजा घ्यायची, हा त्याचा बाणा. शिकारीच्या गोष्टींच्या त्या जमान्यात बंगल्यातल्या मुंग्या-पालींवर खुसखुशीत लिहिणारा एहा मला या संग्रहाचा खरा पूर्वज वाटतो. पुढं खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींनी लहानपणी पाडलेली गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन याच सोसायटीचा उंबरा ओलांडला. ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे.

मराठी ललित गद्यात या नजरेला घर मिळालं ते दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मुळे. 1956 सालचं हे पुस्तक बारा महिन्यांची बारा रूपं लिहितं, आणि त्याआधी मराठीत झाडाच्या पालवीकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं. मारुती चितमपल्लींनी आपल्याला जंगलात नेलं, तिथली भाषा दिली. परळच्या केईएममध्ये औषधशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर ‘फुलवा’ आणि ‘वृक्षगान’ लिहीत होत्या. पुन्हा डॉक्टर! या विषयात डॉक्टर फार भेटतात. दिवसभर दुखणी बघणाऱ्याला झाडाची गरज आधी कळत असावी. आणि कवितेत मर्ढेकर. पिंपातल्या उंदरांचा कवी म्हणून आपण त्यांना लक्षात ठेवतो, पण माघातल्या पहाटेचं मुंबई बंदर त्यांच्याइतक्या ममतेनं दुसऱ्या कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही. शहराचा वैताग आणि शहरातली सकाळ एकाच माणसाला दिसू शकतात, याचा हा पुरावा.

आता परदेशी संशोधनाकडे. त्याची सुरुवात बऱ्याचदा एका छोट्या प्रयोगापासून सांगतात आणि ते योग्यच आहे. अमेरिकेतल्या रॉजर उलरिख यांनी 1984 साली पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासून निबंध लिहिला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरचे 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. झाडंवाल्यांना वेदनाशामकांचे जबर डोसही कमी लागले. फरक पाऊण दिवसाचा, रुग्ण मूठभर. पण जिथं एका खाटेसाठी नातेवाईक रांगेत उभे असतात त्या शीव हॉस्पिटलच्या आवारात उभं राहून बघा, पाऊण दिवस म्हणजे काय ते समजेल.

पुढं मिशिगनच्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्यानं 1989 च्या ग्रंथात वेगळी मांडणी केली. कामात आपण लक्ष ओढून-ताणून एका जागी धरतो आणि ते थकतं. हलणारी पानं, वाहतं पाणी लक्षाला हलकेच धरतात, पण राबवत नाहीत. तेवढ्या वेळात थकलेलं लक्ष विसावा घेतं. उलरिख यांचा भर शरीरावरच्या ताणावर, कॅप्लन यांचा लक्षाच्या थकव्यावर. जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांच्या मते सजीवांची ओढ आपल्या जडणघडणीतच आहे. जपाननं 1982 पासून ‘वनस्नान’ सरकारी पातळीवर रुजवलं. गेल्या काही वर्षांतले दोन अभ्यास आपल्या विषयाच्या अगदी जवळचे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्कोत ज्येष्ठ नागरिकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. एका गटाला जाताना विस्मय वाटेल असं काही शोधा, एवढी जादा सूचना. या गटानं चालताना काढलेल्या सेल्फींमध्ये दिवसेंदिवस त्यांचा स्वतःचा चेहरा लहान होत गेला, मागचं दृश्य मोठं, आणि हसू रुंद. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी सुमारे 1,300 लोकांना मोबाइलवरून दिवसातून अनेकदा विचारलं: आत्ता पक्षी दिसतोय किंवा ऐकू येतोय का, आणि वाटतंय कसं? पक्ष्याच्या भेटीचा बरा परिणाम आठ तासांपर्यंत टिकलेला आढळला, नैराश्याचं निदान झालेल्यांमध्येही.

हे सगळं वाचून हुरळून जायचं कारण नाही. यांतले बरेच अभ्यास लहान आहेत, श्रीमंत देशांतले आहेत, आणि ज्याला पक्षी ऐकायची उसंत आहे तो आधीच थोडा निवांत असतो, ही शंका पूर्ण फिटत नाही. दुसरं, खचलेल्या मनावर बुलबुल हा उपचार नव्हे. ज्याला आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगणं नकोसं झालंय, त्यानं डॉक्टर गाठावा. 14416 ही सरकारची ‘टेलिमानस’ सेवा मराठीतूनही बोलते. ‘जरा बागेत फिरून ये’ असं अशा माणसाला सांगणं हा क्रूरपणा आहे. हे पुस्तक तो करत नाही.

माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. छोट्या क्षणांविषयी हल्ली जे लिहिलं जातं त्यात सगळा भार माणसाच्या वृत्तीवर टाकलेला असतो. तुम्ही थांबा, तुम्ही श्वास घ्या, तुम्ही बघा. बघायचं काय, हे कुणी विचारत नाही. उलरिख यांच्या प्रयोगातली विटांची भिंत ही आपल्या शहरात हजारो घरांची खिडकी आहे. पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या राहतात की खालच्या मजल्यांवर दुपारी दिवा लावावा लागतो. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते. तेवढ्यात एक माणूस हात पसरून उभाही राहू शकत नाही. तांबटाचा ठोका ऐकायला वृत्ती लागते हे खरं, पण आधी तांबटाला वाळकी फांदी लागते. रस्त्यावरचा सोनमोहोर चैत्र-वैशाखात पिवळा सडा घालतो तो कुणाच्या मनाची मशागत म्हणून नव्हे. पूर्वी कुणीतरी तो तिथं लावला, आणि रस्तारुंदीत अजून तो कापला गेलेला नाही, म्हणून.

या भागात हे दोन्ही अंगांनी दिसतं. मिठीच्या काठी, धारावीला लागून, शहराचा कचरा टाकायची जागा होती. तिथं माती घालून, झाडं लावून सुमारे 37 एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि 1994 साली लोकांना खुलं झालं. कचऱ्यावर जंगल उगवू शकतं याचं याहून ठसठशीत उदाहरण देशात क्वचितच असेल. शिवडीच्या चिखलात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून रोहित पक्षी येऊ लागले. ठाणे खाडीचा काही भाग 2015 मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत गेला. त्याच शिवडीवरून आता न्हावाशेव्याला जाणारा पूल गेला आहे. गुलाबी थवा आणि पुलाचे खांब एकाच चौकटीत येतात. संग्रहातल्या एका टॅक्सीवाल्यानं लिहिलंय की त्याला ती चौकटच आवडते. मला ते पटलेलं नाही, पण त्याचं म्हणणं छापलं गेलं हे चांगलं झालं.

आणि पाऊस. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मिठी घराघरांत शिरली. शीव, किंग्ज सर्कल, हिंदमाता इथं पाणी भरणं ही आजही दरवर्षीची गोष्ट. मातीच्या पहिल्या वासानं मोहरणारा माणूस आणि त्याच वासानं गादी माळ्यावर टाकायला धावणारा माणूस एकाच गल्लीत राहतात, कधी एकाच अंगात. अशा नोंदी संपादकांनी ‘नकारात्मक’ म्हणून गाळल्या नाहीत. एका नोंदीत तर गुडघाभर पाण्यातून घरी जाताना पायाला चिंबोरी लागल्याचा आनंद आहे. खाडीनं आपला पत्ता अजून लक्षात ठेवलाय, असं लिहिणाऱ्याला वाटलं. हा आनंद कुठल्या सिद्धान्तात बसवायचा ते कॅप्लन दांपत्यानं ठरवावं.

तेव्हा या पुस्तकाकडून काय अपेक्षा ठेवावी? हे पक्ष्यांचं मार्गदर्शक नाही. काही नोंदींत पक्षी चुकीचा ओळखला आहे आणि तो तसाच राहू दिला आहे, तळटीपेत दुरुस्ती आहे. ही मनःशांतीची कृतीपुस्तिकाही नाही. नोंदींची क्रमवारी महिन्यांनी लावली आहे आणि सुरुवात ज्येष्ठापासून, कारण 1 जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर येतात आणि कोळी माणसाला मान वर करून बघायला सवड मिळते. नोंदी आखूड आहेत. एका बैठकीत सगळ्या वाचू नयेत, कारण बरं वाटल्याच्या गोष्टी सलग वाचल्या की कंटाळा येतो, हे मी अनुभवानं सांगतो.

कोळी बोलीतल्या नोंदी प्रमाण मराठीत घोटून घेतलेल्या नाहीत. निवट्या, भांग, तिवरं, डोल असे शब्द अडले तर मागे छोटा कोश दिला आहे. तो अपुरा आहे. बाकीचे शब्द बाजारात बसणाऱ्या मावशींना विचारावेत. मात्र सकाळी गिऱ्हाइकाच्या वेळी नव्हे, आणि म्हावरं घेतल्याशिवाय उत्तर मिळेलच याची जबाबदारी संपादक घेत नाहीत.